नकाशा नाकारणाऱ्याची थोरवी

ख्रिस मॅककँडलेस या २४ वर्षांच्या अमेरिकन मुलाला मूर्ख म्हणणारे लोक गेल्या तीस वर्षांत कमी झालेले नाहीत. ऑगस्ट १९९२ मध्ये अलास्काच्या रानात, एका टाकून दिलेल्या बसमध्ये तो उपासमारीने मेला. सापडला तेव्हा वजन जेमतेम ३० किलो. त्याला सर्वांत कडक शब्दांत मूर्ख म्हणतात ते खुद्द अलास्कातले लोक, आणि त्यांची यादी मोठी आहे. होकायंत्र नाही, धड बूट नाहीत, शिकारीचा परवाना नाही, रानात मांस कसं टिकवतात याची माहिती नाही. साडेचार किलो तांदूळ आणि एक हलकी रायफल घेऊन मुलगा तिथे राहायला येतो आणि चार महिन्यांत मरतो. यात हळहळण्यासारखं काय, आणि यावर पुस्तक लिहिण्यासारखं तरी काय, असं ते विचारतात.

त्यांच्या यादीतली एकही गोष्ट खोटी नाही. तो मूर्खपणाच होता. मला त्याच मूर्खपणाची स्तुती करायची आहे. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणून नव्हे, तरुणांच्या वेडाला टाळ्या देणं सोपं असतं म्हणूनही नव्हे. हा मूर्खपणा मी जितका तपासून पाहिला तितका तो मला मोठा वाटत गेला, आणि त्यात जिथे खोट आहे तिथे ती खोटही मी सांगणार आहे.

पहिला मूर्खपणा पैशाचा. मे १९९० मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून इतिहास आणि मानववंशशास्त्र हे विषय घेऊन तो पदवीधर झाला. पुढे कायद्याचं शिक्षण घेईल अशी घरच्यांची अपेक्षा होती आणि खात्यात त्याला पुरतील असे २४ हजारांवर डॉलर होते. ते सगळे त्याने भुकेविरुद्ध काम करणाऱ्या ऑक्सफॅम या संस्थेला देऊन टाकले. मग आपल्या जुन्या पिवळ्या डॅटसनमधून तो पश्चिमेला निघाला. जुलैमध्ये ॲरिझोनात लेक मीडजवळ अचानक पूर आला, गाडी भिजली, बॅटरी गेली. त्याने गाडी तिथेच सोडली, उरलेल्या शंभरएक डॉलरच्या नोटांची होळी केली आणि पायी निघाला. त्या नोटा जाळल्याचं समर्थन मी करणार नाही, त्याही ऑक्सफॅमला जायला हव्या होत्या. पण ऑक्सफॅमला दिलेल्या चेकचं काय? आपल्याकडे दान करताना माणूस आधी स्वतःची तजवीज करतो, मुलाबाळांची करतो, आणि वर उरलं तर पावती फाडतो. या मुलाने क्रम उलटा लावला. गाडीचंही तेच झालं. ती रेंजरांना सापडली, बॅटरीला थोडा करंट दिल्यावर चालू झाली, आणि पुढची तीन वर्षं अमली पदार्थ विकणाऱ्यांना साध्या वेशात पकडण्यासाठी ती सरकारी कामात राबली. पैशाच्या बाबतीत पाहिलं तर त्याच्या मूर्खपणाचा लाभ उपाशी माणसांना झाला आणि कायद्याला झाला. स्वतःसाठी त्याने काही ठेवलं नाही.

दुसरा मूर्खपणा वाचनाचा, आणि तो माझ्या मते सगळ्यांत उदात्त आहे. त्याने टॉलस्टॉय, थोरो आणि जॅक लंडन वाचले आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला. थोरो वॉल्डन तळ्याकाठी दोन वर्षं राहिला हे खरं, पण कॉनकॉर्डमधलं आईवडिलांचं घर तिथून पायी गाठता येत होतं आणि तो ते गाठतही होता. जॅक लंडनने उत्तरेकडच्या बर्फाळ रानाच्या ज्या कथा लिहिल्या त्यांच्यामागे क्लोंडाइकमधला एकच हिवाळा होता. नंतरचं आयुष्य त्याने कॅलिफोर्नियात काढलं. टॉलस्टॉयने घर सोडलं ते ८२ व्या वर्षी, १९१० मध्ये, आणि थोड्याच दिवसांत अस्तापोवो नावाच्या रेल्वे स्टेशनवर तो गेला. या लेखकांनी जे लिहिलं ते पूर्णपणे जगून पाहण्याचा प्रयत्न त्यांच्या एका वाचकाने केला, तो २२ व्या वर्षी. शब्दाला इतकी किंमत देणारा वाचक साहित्याला शतकातून एखादा मिळतो. आपण मराठीत ज्ञानेश्वरीचं पारायण करतो, तुकोबांचे अभंग तोंडपाठ असतात, आणि सकाळी उठून कामाला लागतो. तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. ते वाचून स्वतःच्या येण्याचे कागद बुडवणारा वाचक मी अजून पाहिलेला नाही. लिहिलेलं वाचून माणसाने उठावं आणि तसं करून दाखवावं, ही प्रत्येक लेखकाच्या मनातली इच्छा असते, आणि ती पुरी करणारा वाचक मिळाला की आपण त्याला खुळा म्हणतो.

तिसरा मूर्खपणा घर सोडण्याचा. इथे मराठी माणसाने जपून बोलावं. लग्नाच्या मांडवातून, अंतरपाट धरलेला असताना, ‘सावधान’ हा शब्द कानावर पडताच पळालेल्या १२ वर्षांच्या मुलाची गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगत आलो आहोत. जांबेचा नारायण टाकळीला गेला, गोदावरीच्या पाण्यात उभा राहून त्याने १२ वर्षं तप केलं, आणखी १२ वर्षं देशभर हिंडला, आणि रामदास झाला. आई राणूबाई रडून रडून आंधळी झाली असं तीच परंपरा सांगते. तेही आपण कौतुकानेच ऐकतो, कारण शेवटी मुलगा दारात येऊन उभा राहतो. मांडवात उभी राहिलेली ती मुलगी मात्र गोष्टीतून कुठे गेली, हे आपण विचारत नाही. घर सोडणारा मोठा झाला की मागे राहिलेल्यांचं दुःख हा त्या मोठेपणाचा भाग होतो, आणि तो रानातच मेला की तेच दुःख हा त्याचा गुन्हा ठरतो. मॅककँडलेसला मूर्ख म्हणायचं असेल तर १२ वर्षांच्या नारायणालाही म्हणावं लागेल. मला दोघांनाही म्हणायला हरकत वाटत नाही. दोघांचीही स्तुती करायला मी तयार आहे.

पण ख्रिसच्या घराची गोष्ट वेगळी आहे आणि ती वगळून त्याला मोजणं अन्याय होईल. व्हर्जिनियातलं सुखवस्तू घर, वडील अवकाशतंत्रज्ञानातले नावाजलेले अभियंता. शाळा संपल्यावर, महाविद्यालयात जाण्याआधी केलेल्या एका सहलीत ख्रिसला कळलं की त्याच्या जन्मानंतरही वडिलांचा पहिल्या पत्नीशी संबंध सुरू होता आणि एका काळात दोन संसार चालू होते. जॉन क्राकाउअर यांनी १९९६ च्या ‘इन टू द वाइल्ड’ या पुस्तकात हे लिहिलं. पुढे २०१४ मध्ये ख्रिसची धाकटी बहीण कॅरीन हिने स्वतःचं पुस्तक लिहिलं आणि त्या घरात मारहाण आणि दहशत होती असं सांगितलं. आईवडिलांनी ते मान्य केलेलं नाही. बंद दाराआडचं मला ठरवता येणार नाही. पण जो मुलगा एक पत्र न टाकता निघून जातो, ज्या बहिणीवर त्याचा इतका जीव होता तिलाही पत्ता कळवत नाही, त्याच्या निघून जाण्याला चार पुस्तकं वाचून आलेलं वेड म्हणणं पुरेसं नाही. कदाचित जगाने ज्याला त्याचा सर्वांत मोठा मूर्खपणा म्हटलं, ते घर सोडणं, हेच त्याच्या सगळ्या निर्णयांमधलं सर्वांत समजूतदार पाऊल असेल.

त्याने ते पाऊल टाकलं मात्र काळजीपूर्वक निष्ठुरपणाने. आपल्याला आलेली पत्रं १ ऑगस्टपर्यंत अडवून ठेवायला त्याने पोस्टाला सांगून ठेवलं होतं. आईवडील अटलांटाला पोचले तेव्हा खोली कधीच रिकामी झाली होती, आणि त्यांनीच पाठवलेल्या पत्रांचा गठ्ठा त्यांना परत मिळाला. खाजगी गुप्तहेर लावून झाला, आणि त्याच्याकडून काय कळलं, तर पैसे ऑक्सफॅमला गेले. हा हिशेब मी त्याच्या बाजूने लावू शकत नाही. वडिलांवर राग असू शकतो, पण दोन वर्षं प्रत्येक फोनच्या घंटेला दचकणारी आई ही त्या रागाची योग्य किंमत नव्हे.

दोन वर्षं तो हिंडला. नाव बदललं, अलेक्झांडर सुपरट्रॅम्प घेतलं. दक्षिण डकोटातल्या कार्थेज गावी धान्याच्या कोठारात राबला, कोलोरॅडो नदीतून डोंगीने मेक्सिकोच्या समुद्रापर्यंत गेला. भेटेल त्याला तो आवडायचा. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात भेटलेल्या ऐंशीच्या घरातल्या एका एकाकी म्हाताऱ्याला तो इतका आवडला की त्याने या मुलाला दत्तक घ्यायची इच्छा सांगितली. ख्रिसने उत्तर पुढे ढकललं. मग पत्र लिहून म्हाताऱ्यालाच उपदेश केला, की स्थिर आयुष्य सोड आणि बाहेर पड. म्हाताऱ्याने ऐकलं. घरचं सामान गुदामात टाकलं, राहता येईल अशी गाडी घेतली, आणि मुलाने जिथे तंबू ठोकला होता तिथे जाऊन त्याची वाट पाहत राहिला. मुलगा गेल्याची बातमी कळली तेव्हा या भाविक माणसाचा देवावरचा विश्वास उडाला. इथे माझी स्तुती अडते. स्वतःपुरता मूर्खपणा करण्याचा हक्क मी प्रत्येक तरुणाला देईन. दुसऱ्याला त्या वाटेवर बोलावलं की तिथे थांबण्याची जबाबदारी येते, आणि ती त्याने घेतली नाही.

२८ एप्रिल १९९२ रोजी फेअरबँक्सच्या दक्षिणेला एका वीजतंत्र्याने त्याला गाडीतून स्टॅम्पीड नावाच्या वाटेच्या तोंडाशी सोडलं. तो माणूस अलास्कातला मुरलेला शिकारी होता. त्याने मुलाकडचं सामान पाहिलं, अँकरेजपर्यंत नेऊन नीट साहित्य घेऊन देतो असंही म्हणाला. मुलगा ऐकेना. शेवटी त्याने स्वतःचे रबरी बूट आणि डब्यातलं खाणं त्याला दिलं. ख्रिसने त्याला आपलं घड्याळ, कंगवा आणि खिशातले ८५ सेंट देऊ केले, आणि बर्फात चालू लागला.

बस त्याला वाटेत सापडली. फेअरबँक्सच्या शहर वाहतुकीची १४२ क्रमांकाची ही जुनी गाडी. १९६० च्या सुमारास या वाटेचा रस्ता करायचं काम निघालं तेव्हा मजुरांच्या निवाऱ्यासाठी ती ओढून आणली होती आणि काम संपल्यावर तिथेच टाकून दिली होती. आत चूल होती, झोपायला जागा होती. तिथे तो सुमारे ११३ दिवस जगला. मला वाटतं, हा आकडा टीकाकारांनी पुन्हा एकदा पाहावा. साडेचार किलो तांदूळ, एक पॉइंट टू-टू रायफल आणि रानातल्या वनस्पतींवरचं एक पुस्तक, एवढ्या जोरावर खारी, पक्षी, साळिंदरं, कंदमुळं आणि बोरं खात त्याने अलास्कात एक अख्खा उन्हाळा काढला. त्याला मूर्ख म्हणणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना फणसाडच्या किंवा ताडोबाच्या रानात याच्या निम्मे दिवस काढता येतील?

९ जूनला त्याने मूस मारला. मूस म्हणजे आपल्या सांबरापेक्षा कितीतरी मोठं जनावर. स्थानिक लोक म्हणाले, या पोराला मूस आणि कॅरिबूतला फरक कळला नाही. पुढे त्यानेच काढलेल्या फोटोवरून ते जनावर मूसच होतं हे सिद्ध झालं. चुकला तो पुढे. दक्षिण डकोटातल्या शिकाऱ्यांनी त्याला मांस धुरावर टिकवायला शिकवलं होतं. अलास्कात मांसाच्या पातळ पट्ट्या करून ते वाऱ्यावर सुकवतात. काही दिवस तो माश्या आणि अळ्यांशी झगडला आणि मग बहुतेक मांस सोडून द्यावं लागलं. रोजनिशीत त्याने लिहिलं की हा जीव घेतला नसता तर बरं झालं असतं. शिकारीचा फोटो भिंतीवर लावणारे खूप असतात. वाया गेलेल्या जनावराची अशी टोचणी लागणारा शिकारी मला तरी मोठा वाटतो.

आता त्याचा प्रसिद्ध मूर्खपणा, नकाशा. सुरुवातीला त्याच्याकडे राज्याच्या रस्त्यांचा एक फाटका नकाशा होता. त्या भागाचा तपशीलवार भूनकाशा त्याने घेतला नाही, आणि तो दुकानात सहज मिळत होता. क्राकाउअर यांनी याचा अर्थ असा लावला आहे की १९९२ मध्ये जगाच्या नकाशावर कोरी जागा कुठेच उरली नव्हती, आणि या मुलाला कोऱ्या जागेत जायचं होतं. तेव्हा त्याने नकाशाच नाकारला. मला हे पटतं, आणि मी या कृतीला नमस्कार करतो. आपण आज एखादा गड चढायला निघतो तेव्हा वाट, पाण्याची टाकी, माथ्यावरचा सूर्यास्त, सगळं आधीच फोनवर पाहिलेलं असतं. मग वर जाऊन आपण पाहतो ते जसं पाहिलं होतं तसं आहे की नाही, एवढंच. एखादी जागा स्वतःला पहिल्यांदा भेटावी यासाठी माणूस काय काय देऊ शकतो? त्याने जीव दिला. ही किंमत फार झाली, आणि ती द्यावी लागेल हे त्याला ठाऊक नव्हतं. पण त्याने मागितलेली गोष्ट क्षुद्र नव्हती.

३ जुलैला त्याने सामान बांधलं आणि परत निघाला. ही गोष्ट त्याला मूर्ख म्हणणारे आणि त्याला संत करणारे दोघंही भराभर वाचून पुढे जातात. त्याला मरायचं नव्हतं. रान पाहून झालं होतं, तो माणसांकडे निघाला होता. दोन दिवस चालून तेक्लानिका नदीपाशी आला. एप्रिलमध्ये हीच नदी त्याने सहज ओलांडली होती, पाणी फार तर मांडीपर्यंत. पण तेक्लानिका हिमनदीतून येते. वरचा बर्फ गोठलेला असतो तेव्हा ती दुबळी असते आणि उन्हाळा तापला की बर्फ वितळून ती फुगते. कोकणातल्या किंवा घाटावरच्या माणसाला नदी पावसाळ्यात चढते हे कळतं. उन्हानेही नदी चढते, हे ख्रिसला तिथे उभं राहून शिकावं लागलं. पाणी करडं, गढूळ, खळाळतं. त्याला पाण्याची भीती होती, हे त्याचे मित्र सांगतात. नदी पार करणं अशक्य आहे आणि आपल्याला एकटं आणि घाबरल्यासारखं वाटतं आहे अशी नोंद करून तो परत फिरला.

तिथून किलोमीटरच्याही आत, नदीचं पाणी मोजणाऱ्यांनी टाकलेली पोलादी तार होती आणि तिच्यावर हाताने ओढायचा पाळणा होता. भूनकाशा असता तर कदाचित तो दिसला असता. मी इथे कितीदा थांबलो असेन. त्याच्या मूर्खपणाने त्याला इथपर्यंत जिवंत आणलं होतं. नदीकाठी तो मूर्ख राहिला नाही. त्याने पाणी जोखलं, भीतीचं ऐकलं आणि मागे वळला. हा निर्णय बरोबर होता. पुढे २०१० मध्ये आणि २०१९ मध्ये त्याच नदीत, त्याच बसच्या वाटेवर दोन तरुण बायका वाहून गेल्या. त्याने उडी घेतली असती तर तिसरं नाव सर्वांत आधी त्याचं असतं.

ज्ञानेश्वरांच्या वडिलांची गोष्ट मला इथे आठवते. विठ्ठलपंतांनी बायकोला सोडून काशीला संन्यास घेतला. त्याबद्दल कुणी त्यांना वाळीत टाकलं नाही. गुरूच्या आज्ञेने ते संसारात परत आले तेव्हा टाकलं, आणि त्या दोघांच्या मरणापर्यंत ते गेलं. निघून जाणाऱ्यासाठी आपल्या समाजाकडे शेकडो गोष्टी तयार आहेत. परत येणाऱ्यासाठी पाळणा कुणी टांगून ठेवत नाही, आणि टांगलाच तर तो कुठे आहे हे सांगत नाही. हे अलास्कात जितकं खरं, तितकंच आळंदीत.

बसमध्ये परतल्यावर पुढे काय बिघडलं यावर अजून वाद आहे. ३० जुलैच्या नोंदीत तो म्हणतो की आपण अतिशय अशक्त झालो आहोत आणि दोष बियांचा आहे. रानबटाटा म्हणतात त्या वनस्पतीचे कंद तो खात होता, पुस्तकातही ते खाण्याजोगे म्हटले होते. कंद चिवट झाल्यावर त्याने बिया खाल्ल्या आणि पुस्तक त्या बियांबद्दल काही बोलत नव्हतं. त्याने विषारी दुसरीच वनस्पती खाल्ली, असं आधी मानलं गेलं. २०१३ मध्ये संशय गेला तो आपल्या पूर्व विदर्भाला चांगल्याच ओळखीच्या विषावर. लाखोळी ही डाळ धानाच्या बांध्यांत घेतात. ती फार खाल्ली तर पाय लुळे पडतात, आणि म्हणूनच तिच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली होती. तेच विष रानबटाट्याच्या बियांत असेल असा तर्क होता. रसायनशास्त्रज्ञांनी तो तपासून खोडून काढला. २०१५ मध्ये कॅनाव्हनिन नावाचं दुसरं द्रव्य त्यात सापडल्याचं क्राकाउअर आणि त्यांच्या सोबतच्या वैज्ञानिकांनी मांडलं, त्यावरही सगळ्यांचं एकमत नाही. शवचिकित्सेने कारण दिलं ते उपासमार. भंडाऱ्याच्या, गोंदियाच्या दुष्काळात लाखोळी खाऊन पाय गमावलेल्या शेतमजुराला आपण मूर्ख म्हणत नाही. भुकेल्या माणसाने समोर आहे ते खाल्लं, इतकं आपल्याला कळतं. ख्रिसच्या बाबतीत मात्र ते कळेनासं होतं, कारण तो आपणहून भुकेपाशी गेला होता. ऑगस्टमध्ये, बसमध्ये एकटा असताना, त्याची भूक कुणाहीपेक्षा निराळी नव्हती.

शेवटच्या दिवसांत तो पास्तरनाकची ‘डॉक्टर झिवागो’ वाचत होता. पानाच्या कडेला त्याने लिहून ठेवलं की सुख वाटून घेतलं तरच ते खरं. ही ओळ हल्ली कप आणि टी-शर्टांवर छापतात. आपल्याकडे चार घास जास्तीचे शिजवणाऱ्या कुठल्याही आजीला हे पुस्तक न वाचता माहीत असतं. पण आजीने सांगितलेलं माहीत असणं आणि स्वतः उपाशी राहून तिथे पोचणं, या दोन गोष्टी एक नाहीत. त्याचा सगळा प्रवास या ओळीच्या उलट दिशेने गेला होता, आणि शेवटी तो स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध लिहितो. आपण दोन वर्षं चुकीचं जगलो हे मरायच्या आधी, कुणी विचारत नसताना, कबूल करायला धैर्य लागतं. मग त्याने निरोपाची चिठ्ठी लिहिली, आयुष्य सुखाचं गेलं, देवाचे आभार. ती हातात धरून स्वतःचा फोटो काढला. त्यात तो हाडांचा सापळा झाला आहे आणि चेहरा शांत आहे. ६ सप्टेंबरला शिकाऱ्यांना बसमध्ये त्याचं प्रेत सापडलं. दारावर मदतीची याचना करणारी चिठ्ठी होती.

पुढे पुस्तक आलं, २००७ मध्ये शॉन पेनचा चित्रपट आला, आणि बसकडे जगभरातून माणसं निघाली. त्यातले अनेक नदीला हरले. २००९ ते २०१७ या काळात बसपायी राज्य सरकारला १५ वेळा शोध आणि सुटका मोहिमा काढाव्या लागल्या. शेवटी १८ जून २०२० रोजी लष्कराच्या चिनूक हेलिकॉप्टरने बस उचलली. आता ती फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे आहे. सरकारने हे बरोबरच केलं. या यात्रेकरूंबद्दल मात्र मला ख्रिसइतका आदर नाही. तो कोऱ्या जागी निघाला होता. हे एका पत्त्यावर निघाले होते.

या सगळ्यांच्या आधी, मुलगा गेल्यानंतर दहा महिन्यांनी, दोन माणसं तिथे जाऊन आली होती. त्याचे आईवडील. ते हेलिकॉप्टरने उतरले, मुलगा झोपला होता ती जागा पाहिली, नावाची पाटी लावली. मग आईने एक बॅग भरून बसमध्ये ठेवली. तिच्यात औषधोपचाराचं सामान होतं, डबाबंद अन्न होतं, रानात जीव वाचवायला लागतात त्या वस्तू होत्या, आणि एक चिठ्ठी होती. जो कुणी इथे येईल त्याने शक्य तितक्या लवकर आपल्या आईवडिलांना फोन करावा, असं तिच्यात लिहिलं होतं. जिथे टेलिफोनची तार नाही अशा रानात फोन करायला सांगणं, जो जेवायला येणार नाही त्याच्या जागी जेवण ठेवणं, आणि कोण येईल हे माहीत नसताना त्याची पोटापाण्याची सोय करणं, यात शहाणपणाचा लवलेशही नाही. १९९३ मध्ये तिथे जगभरातून माणसं येतील असं कुणाला वाटलं नसावं. त्या घरात काय घडलं होतं, कुणी कुणाला किती दुखावलं होतं, याचा निवाडा या बॅगेने होत नाही, आणि तिने तो मागितलेलाही नाही. मुलाचा मूर्खपणा थोर आहे हे मी वर लिहिलं आणि त्यावर ठाम आहे. तरीही दोन मूर्खपणांत क्रम लावायचा झाला, तर मी आईने भरलेल्या त्या बॅगेला वरचं स्थान देतो. मुलाने स्वतःचं सगळं देऊन टाकलं होतं आणि मागून येणाऱ्यासाठी काही ठेवलं नव्हतं. आईने ठेवलं.